प्रेमपत्र, लग्नपत्रिका आणि मोबाइलचा अँटिव्हायरस

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही व्याख्याता नाही. अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे जॉगिंग ट्रॅकवर सकाळी भेटणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो, ‘‘अहो, मोबाइलमध्ये अँटिव्हायरस टाकायला पाहिजे का हो?’’ चालता चालता त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून समितीने आज अर्धा तास दिला आहे. त्याबद्दल आभार.

हा प्रश्न आपल्या पिढीला का पडतो, ते आधी सांगतो. आपण कॉम्प्युटर शिकलो ते फ्लॉपीच्या काळात. एकाची फ्लॉपी दुसऱ्याच्या मशीनमध्ये गेली की व्हायरसही जायचा. तेव्हा अँटिव्हायरस ही चैन नव्हती, गरज होती. त्या गरजेतून महाराष्ट्रातच एक मोठा उद्योग उभा राहिला. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे पुण्यात त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणारे निम्मेअधिक कॉम्प्युटर व्हायरसनेच आजारी, हे पाहून धाकटे बंधू संजय यांनी त्यावर औषध लिहिलं. तेच क्विक हील. पुण्याबाहेर पसरताना त्यांनी अगदी सुरुवातीला ज्या शाखा काढल्या, त्यात आपलं नाशिक होतं. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली.

दुसरी आठवण आपल्या सोसायटीच्या वयाची आहे. मे २००० मध्ये, आपण इथे सामान लावत होतो त्याच सुमाराला, जगभर एक ई-मेल फिरली. विषय होता ‘आय लव्ह यू’. सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल. लोकांनी ती उघडली आणि लाखो कॉम्प्युटर बाधित झाले. आमच्या ऑफिसातही त्या दिवशी धावपळ होती. मुद्दा असा, की त्या व्हायरसने दार फोडलं नव्हतं. माणसानेच दार उघडलं होतं, कारण पत्र ओळखीच्या माणसाकडून आलं होतं.

आता मोबाइलकडे येऊ. मोबाइल म्हणजे लहान कॉम्प्युटर हे खरं, पण त्याची रचना वेगळी आहे. जुना कॉम्प्युटर म्हणजे वाड्यातलं एकत्र घर. कोणीही कुठल्याही खोलीत जावं. मोबाइल म्हणजे आपली सोसायटी. प्रत्येक ॲपला स्वतंत्र फ्लॅट, स्वतंत्र कुलूप. एका ॲपला दुसऱ्याच्या घरात जायचं तर परवानगी मागावी लागते, आणि ती परवानगी देणारे आपणच.

शिवाय गेटवर वॉचमन आधीपासूनच आहे. अँड्रॉइड फोनमध्ये २०१७ पासून ‘प्ले प्रोटेक्ट’ नावाची तपासणी गूगलने बसवली आहे. वेगळे पैसे नाहीत. आयफोनमध्ये तर एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या आत डोकावताच येत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरवर चालतो तसा अँटिव्हायरस तिथे चालूच शकत नाही. आयफोनसाठी त्या नावाने जे विकतात, ते धोकादायक वेबसाइट अडवणं, पासवर्ड सांभाळणं अशी इतर कामं करतं.

म्हणून माझं सरळ उत्तर असं: फोन फार जुना नसेल, कंपनीचे सुरक्षा अपडेट येत असतील, ते तुम्ही वेळेवर घेत असाल आणि ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच उतरवत असाल, तर वेगळ्या अँटिव्हायरसची बहुतेकांना गरज नाही. अपडेट बंद झालेला जुना फोन असेल, किंवा घरातलं कोणी दिसेल त्या लिंकवर बोट ठेवत असेल, तर नामांकित कंपनीचं ॲप जरूर घ्या. चुकीची वेबसाइट अडवण्यात त्याचा उपयोग होतो.

पण ‘नामांकित’ हा शब्द लक्षात ठेवा. २०१४ साली प्ले स्टोअरवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचं ॲप चार डॉलरला विकलं जात होतं. दहा हजारांवर लोकांनी ते घेतलं. ते काय करायचं? बोट लावलं की फुलीच्या जागी बरोबरची खूण दाखवायचं. बस्स! पुढे गूगलने ते काढून टाकलं. २०१९ मध्ये ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थेने अँड्रॉइडची अडीचशे सुरक्षा ॲप तपासली. तपासणीसाठी ठेवलेल्या घातक ॲपपैकी तीस टक्क्यांहून जास्त पकडणारी फक्त ऐंशी निघाली. बाकीची असून नसल्यासारखी. आणि इंटरनेटवर काही वाचताना ‘तुमच्या फोनमध्ये तेरा व्हायरस आहेत, लगेच साफ करा’ असं जे लाल अक्षरात येतं ना, ती शुद्ध जाहिरात किंवा सापळा असतो. पान बंद करायचं, बाकी काही नाही.

इथे भाषण संपवता आलं असतं. पण मग मी अर्धंच सांगितलं असं होईल.

माझी मोठी बहीण सिडकोत राहते. शाळेतून निवृत्त झालेली. दोन वर्षांपूर्वी मीच तिच्या फोनमध्ये चांगल्या कंपनीचा अँटिव्हायरस टाकून दिला आणि वर म्हणालो, ‘‘ताई, आता काही काळजी करू नकोस.’’ माझं हे एक वाक्य फार महाग पडलं.

मागच्या वर्षी लग्नसराईत तिच्या जुन्या सहकारी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लग्नपत्रिका आली. ओळखीच्या बाईंच्या नंबरवरून. फाइलच्या नावाच्या शेवटी तीन अक्षरं होती, ‘एपीके’. फोटोची किंवा पीडीएफची फाइल नव्हती, ते ॲपच होतं. त्या बाईंचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेला होता. ताईने पत्रिका उघडली. फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप घ्यायचं का? तिने हो म्हटलं. अँटिव्हायरसनेही लाल पट्टी दाखवली. पण तो रोजच लाल पट्ट्या दाखवायचा: फोन साफ करा, वर्गणी भरा, नवीन आवृत्ती घ्या. तिला वाटलं, त्यातलीच एक. तिने ती बाजूला सारली. नंतर मला म्हणाली, ‘‘तूच म्हणाला होतास ना, काळजी करू नकोस?’’

त्या ॲपने दोन परवानग्या मागितल्या. एक, एसएमएस वाचायची. दुसरी ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची. दृष्टी अधू असलेल्यांच्या सोयीसाठी केलेली ही परवानगी आहे, पण ती मिळाली की ॲपला स्क्रीनवरचं सगळं दिसतं. संध्याकाळी ताईने लाइट बिल भरायला बँकेचं ॲप उघडलं, पिन टाकला. पहाटे खात्यातून तीन वेळा मिळून एक लाख शहाऐंशी हजार रुपये गेले. ओटीपी आले ते चोरांनी वाचले, तिला दिसलेही नाहीत.

खरं नुकसान मात्र पुढे झालं. ताईने दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. ना जावयाला, ना मला. पोळ्या करत होती, पाहुण्यांशी बोलत होती आणि आत जळत होती. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘तू कॉम्प्युटरवाला. तू हसशील असं वाटलं.’’

आम्ही तिथूनच १९३० ला फोन लावला. पुढच्या एका खात्यात अडकलेले एक्केचाळीस हजार गोठवता आले. बाकीचे दोन दिवसांत हातोहात पुढे गेले होते. पहिल्याच तासात फोन केला असता तर? हा ‘तर’ मला अजून झोपू देत नाही. कारण ताईला भीती चोराची नव्हती, माझ्या हसण्याची होती.

मंडळी, म्हणून चार गोष्टी घरी जाऊन फ्रीजवर लिहून लावा.

पहिली: व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल उघडायची नाही. पत्रिका असो, वाहनाचं चलन असो, बँकेचं केवायसी असो, की सख्ख्या भावाने पाठवलेली असो.

दुसरी: कोणतंही ॲप एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल, तर थांबायचं आणि घरात कोणाला तरी विचारायचं.

तिसरी: चुकून उघडलंच, तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० लावा. मग सायबर पोलिसांकडे किंवा आपल्या इंदिरानगर पोलीस ठाण्यात जा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा आहे, की तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे दर मिनिटाला किंमत आहे. कळवल्याचा तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

चौथी: लाजू नका. फसलेला माणूस मूर्ख नसतो. २००० साली प्रेमपत्र उघडणाऱ्यांत मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब होते. पंचवीस वर्षांत प्रेमपत्राची लग्नपत्रिका झाली, एवढीच काय ती प्रगती! युक्ती तीच आहे.

तरुणांना एक विनंती. आजी-आजोबांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं तरी ‘‘तुम्हाला कळत नाही’’ म्हणू नका. त्या वाक्यानेच ते पुढच्या वेळी विचारत नाहीत. समितीसमोर मी एक प्रस्ताव ठेवतो. दर रविवारी सकाळी अकरा ते बारा सोसायटीच्या ऑफिसात मी बसेन, तुमच्यापैकी दोघांनी सोबत यावं. फोनचे अपडेट करून देऊ, नको त्या परवानग्या काढू, नको ती ॲप काढू. चहा माझ्याकडून. आणि ज्याची फसवणूक झाली असेल, त्याचं नाव त्या खोलीबाहेर जाणार नाही.

जाता जाता एक. ही गोष्ट ताईला विचारूनच सांगितली. मी म्हणालो होतो, तुझं नातं सांगत नाही, ‘एक परिचित’ म्हणतो. तर ती म्हणाली, ‘‘बहीणच म्हण. लोकांना कळू दे, बाईंनासुद्धा होतं.’’ ती आज पहिल्या रांगेत बसली आहे. टाळ्या द्यायच्याच असतील तर त्या तिला द्या.