सेवेची सहल आणि सेवेचा मुक्काम



अमेरिकेतील विद्यापीठांना मार्चच्या सुमारास आठवडाभराची वसंत-सुटी असते. पुष्कळ विद्यार्थी त्या सुटीत समुद्रकिनारे गाठतात. कॅथलिक विद्यापीठांतील काही मुले मात्र वर्गणी जमवून सेवेसाठी बाहेर पडतात आणि डेट्रॉइटसारख्या खचलेल्या शहरात चर्चच्या सभागृहात पथारी पसरतात. दिवसा अन्नछत्रात वाढायचे, रिकाम्या भूखंडावरच्या भाजीच्या वाफ्यात राबायचे, पडक्या घराभोवतीचा कचरा उचलायचा. रात्री गोलाकार बसून दिवसभरात काय पाहिले यावर बोलायचे, असा त्यांचा क्रम.

डेट्रॉइट ही एके काळची मोटारींची राजधानी. 1950 च्या जनगणनेत साडेअठरा लाख वस्ती असलेले हे शहर 2020 मध्ये 6 लाख 39 हजारांवर आले. कारखाने बाहेर गेले, त्यांच्यामागोमाग गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला. जुलै 1967 च्या दंगलीत 43 माणसे मृत्युमुखी पडली आणि या स्थलांतराला आणखी वेग आला. 18 जुलै 2013 रोजी सुमारे 18 अब्ज डॉलरच्या देण्यांखाली दबलेल्या महापालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. अलीकडे शहर थोडे सावरते आहे. पण पडत्या काळात धर्मसत्ताही तेथून मागे सरली होती, हे विसरता येत नाही. 1989 मध्ये कार्डिनल एडमंड शोका यांच्या आदेशाने तीसच्या आसपास चर्च बंद झाली. जेथून चर्च उठून गेले, तेथेच आता चर्चची मुले आठवड्यासाठी सेवेला येतात!

या मुलांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. धर्मांतराच्या प्रश्नावर आपली भूमिका स्वच्छ आहे आणि तीत तडजोड नाही. परंतु कोणाचा धर्म न विचारता पुढ्यात ठेवलेल्या भोजनाला नावे ठेवणे हा हिंदूचा स्वभाव नव्हे. प्रश्न वेगळाच आहे. आठवडा संपल्यावर मागे काय उरते?

हा प्रश्न प्रथम विचारला तो एका कॅथलिक धर्मगुरूनेच. एप्रिल 1968 मध्ये शिकागोजवळ इव्हान इलिच यांनी मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला निघालेल्या विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की, पाहायला या, शिकायला या, पण आमचे भले करायला येऊ नका. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचे जगणे ठाऊक नाही, त्यांचा उद्धार करायला निघणे हा त्यांना अहंकार वाटत होता. इलिच यांची पुढची सगळी मते पटतीलच असे नाही; हे मात्र नेमके वर्मावरचे बोट होते.

आपल्याकडेही महाविद्यालयीन मुले मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर शिबिरांना जातात. जावेच. पण त्या चार दिवसांत पाड्यावरच्या माउलीलाच पाहुण्यांसाठी भाकरी थापाव्या लागल्या, तर सेवा कोणी कोणाची केली? बाळासाहेब देशपांडे यांनी 1952 मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू केला, तो शिबिर आटोपून परतण्यासाठी नव्हे. त्यांनी पुढचे सारे आयुष्य तेथेच वेचले.

डेट्रॉइटलाही असा एक ठाण मांडून बसलेला माणूस लाभला होता. सोलॅनस केसी हे कॅपुचिन पंथाचे धर्मगुरू. अभ्यासात मागे पडले म्हणून त्यांना प्रवचन देण्याची आणि पापनिवेदन ऐकण्याची अनुमती मिळाली नाही. मठाचे दार उघडण्याचे काम मिळाले. 1924 पासून सुमारे एकवीस वर्षे ते तेच करीत राहिले. दाराशी येणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकायचे आणि भुकेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, एवढाच त्यांचा बाणा. मंदीच्या तोंडावर, 1929 मध्ये, त्या मठाच्या दारातून अन्नछत्र उभे राहिले. ते आजही चालू आहे, आणि वसंत-सुटीतली मुले वाढायला जातात ती अशाच ठिकाणी. मुले येतात-जातात; छत्र चालते ते राहणाऱ्यांच्या बळावर.

याच डेट्रॉइटमध्ये फेब्रुवारी 1894 मध्ये स्वामी विवेकानंदांची व्याख्याने झाली. भारताची निंदा करणाऱ्या मिशनऱ्यांचा त्यांनी तेथे खरपूस समाचार घेतला. भुकेल्या भारताला धर्म नव्हे, अन्न हवे, हे तर ते आदल्या सप्टेंबरात शिकागोच्या परिषदेतच सांगून आले होते. डेट्रॉइटच्या श्रोत्यांत एक तरुण शिक्षिका होती, ख्रिस्टीन ग्रीनस्टायडेल. घर जर्मन स्थलांतरितांचे, परिस्थिती बेताची. पुढे ती स्वामीजींची शिष्या झाली आणि 1902 मध्ये भारतात आली. कलकत्त्याच्या बागबाजारात, बोसपाडा गल्लीतल्या निवेदितांच्या शाळेत, ती बंगाली शिकली आणि पडद्यातून प्रथमच बाहेर आलेल्या विवाहित स्त्रियांना लिहिणे-वाचणे व शिवणकाम शिकवू लागली. परतीचे तिकीट खिशात ठेवून ती आली नव्हती. ती अमेरिकेला गेली ती थेट 1914 मध्ये.