ट्रॅक्टरला केणी कशी जोडावी?

(धर्माबाद येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



केणी आपणा सर्वांना माहीत आहे. उंचवट्याची माती ओढायची आणि खोलगट जागी नेऊन टाकायची, हे तिचे काम. पूर्वी केणीला बैल जुंपत. आता ट्रॅक्टर लावतात. काम तेच, पण ओढणारा बदलला. म्हणून जोडणीही बदलली.

आपली जमीन काळी. तिच्यात पाणी लवकर मुरत नाही. खोलगट जागी ते साचून राहते. तिथे मिरचीची मुळे कुजतात आणि झाडे मरतात. आपला बाजार तर मिरचीचा! म्हणून रान सारखे करावे, पाण्याला हलका उतार ठेवावा, हे खरे. पण ते करताना माणूस जाता कामा नये.

माणूस कसा जातो? बैलगाडी आठवा. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलार होते. जू वर उचलले जाते, बैलांचा गळा आवळतो. ट्रॅक्टरही असाच उलार होतो बरं का! केणी दगडात किंवा झाडाच्या बुडख्यात अडकली, तर ती हलत नाही. इंजिन मात्र जोर करीतच असते. चाके फिरू शकली नाहीत, तर ट्रॅक्टरचे धूडच कण्याभोवती फिरू लागते. पुढची चाके वर उठतात. साखळी कण्याला किंवा त्याहून उंच बांधली असेल, तर ट्रॅक्टर मागे उलथतो. चालवणाऱ्याला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून पहिला नियम हा: ओढ नेहमी कण्याच्या खाली असावी. त्यासाठीच ट्रॅक्टरच्या मागे, खाली, ड्रॉबार दिलेला असतो.

हे दुखणे एकट्या आपल्या गावचे नाही. परदेशातही नांगर अडकून ट्रॅक्टर उलथत. आयर्लंडात जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांनी त्यावर उपाय काढला आणि 1926 साली त्याचे पेटंट घेतले. त्यांनी अवजार तीन ठिकाणी जोडले. खाली दोन दांड्या आणि वर एक. अवजार अडकले की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटते. मग पुढची चाके जमीन सोडत नाहीत. आज आपल्या ट्रॅक्टरांना हीच सोय असते.

आता आपल्या केणीला कोणती जोडणी? केणीला स्वतःची चाके असतील, तर ती ड्रॉबारला एका पिनेने जोडावी. चाके नसतील, ट्रॅक्टरने उचलून न्यायची असेल, तर तीन ठिकाणी जोडावी. वरच्या दांडीच्या जागी साखळी अडकवून काहीही ओढू नये. कधीच नाही!

पिना मोजून घ्याव्यात. लहान मापात खालच्या पिना 22 मिलिमीटरच्या आणि वरची 19 ची असते. मोठ्या मापात खालच्या 28 च्या आणि वरची 25 ची. मोठ्या भोकात लहान पिन घातली तर ती खुळखुळते, भोक झिजते आणि पिन वाकते. माप जुळत नसेल तर मध्ये बुश बसवावे. पिनेऐवजी सळईचा तुकडा किंवा साधा बोल्ट घालू नये.

जोडताना घाई करू नये. सपाट जागी ट्रॅक्टर हळू मागे घ्यावा. तेव्हा केणी आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये. मग ब्रेक लावावा, इंजिन बंद करावे. आधी डावी दांडी, मग उजवी, शेवटी वरची. प्रत्येक पिनेला क्लिप लावावी. बाजूच्या साखळ्या ताणाव्यात, म्हणजे केणी टायरला घासत नाही. पाते एका बाजूला कलले असेल, तर उजव्या दांडीच्या आट्याने सारखे करावे. वरची दांडी आखूड केली की पाते जास्त माती धरते. लांब केली की कमी धरते.

ड्रॉबारची पिन वरून घालावी, खालून क्लिप लावावी. जोडल्यावर केणीची दांडी जमिनीशी समांतर दिसली पाहिजे.

रान आधी नांगरून घ्यावे. वापसा आल्यावरच केणी चालवावी. एका फेरीत थोडीच माती घ्यावी. वरची कसदार माती खोल गाडून टाकू नये. केणी अडकली तर जोर देऊ नका. क्लच दाबा, थांबा, पाते उचला, थोडे मागे या. मडगार्डवर पोरांना बसवू नका.

शेवटी एक सांगणे. ट्रॅक्टरसोबत पुस्तिका मिळते. किती ओझे ओढावे, कोणती पिन घालावी, हे तिच्यात लिहिलेले असते. कालपर्यंत ती कपाटात पडून होती. आता तुम्हाला वाचता येते. आज घरी जाऊन ती काढा. तुमचा मुलगा ट्रॅक्टर चालवीत असेल, तर त्याला शेजारी बसवून जोडणीचे पान मोठ्याने वाचून दाखवा.