मुंबई ते न्यूयॉर्क : बाईंचा दोरा

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला पाच मिनिटं दिली आहेत. इंजिनिअर असल्यामुळे आकड्यांवरच बोलते.

नववीत भूगोलाच्या बाईंनी विचारलं होतं, "मुंबईहून न्यूयॉर्कला सगळ्यात जवळची वाट कुठून?" मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि ठणकावून सांगितलं, अरबस्तान, उत्तर आफ्रिका, मग अटलांटिक. बाईंनी पृथ्वीगोल पुढे ओढला आणि शिवणाचा दोरा दोन्ही शहरांवर ताणून धरला. दोरा गेला रशिया, नॉर्वे करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून! "कागद सपाट आहे, पृथ्वी नाही," बाई म्हणाल्या. सगळा वर्ग मला हसला. हसणारे आज समोरच बसलेत.

पुढे नोकरीत पहिलं काम हेच आलं. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, अंतर काढायचं आणि प्रवासाचा वेळ दाखवायचा. माझ्या पट्टीची वाट भरते जवळपास १४,००० किलोमीटर, बाईंच्या दोऱ्याची साधारण १२,५००. वेळ मात्र नुसत्या भागाकाराने निघत नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून न थांबता जाणाऱ्या विमानाला मुंबईहून तिकडे जायला सुमारे सोळा तास लागतात आणि परत येताना एक-दोन तास वाचतात. एखाद्या देशाने आकाश बंद केलं, तर वळसा पडतो तो वेगळाच.

लग्नानंतर मी न्यू जर्सीला गेले. बाबा दर वेळी विचारायचे, "किती गं लांब?" मी म्हणायचे, "फक्त सोळा तास, बाबा. हाक मारलीत की आलेच." मुंबईपासून चिपळूणपर्यंतचा रस्ता मी त्यात कधी धरलाच नाही.

मार्च २०२०च्या अखेरीस भारतात येणारी नेहमीची विमानं बंद झाली. एप्रिलमध्ये बाबा हृदयविकाराने गेले. अंतर तेच होतं, १२,५०० किलोमीटर. वेळेच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे आकडा नव्हता.

घरी आई एकटी होती. टाळेबंदीमुळे मामा-काका येऊ शकत नव्हते. तेव्हा आपल्या वर्गातले चौघं आले. परवानगी काढली, लाकडं मिळवली, बाबांना खांदा दिला. पाचवीने फोन धरून ठेवला, म्हणून मला शेवटचं दर्शन झालं. नंतर दोन महिने आईचं औषध आणि भाजी दारात पोचत होती. यातल्या तिघांशी मी दहावीनंतर एकदाही बोलले नव्हते. लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवली नव्हती. नावं घ्यायची नाहीत अशी त्यांनी तंबी दिली आहे, म्हणून घेत नाही. फोनवर आभार मानायला गेले की विषय बदलतात. आज माइक माझ्या हातात आहे, त्यामुळे ऐकून घ्यावंच लागेल. तुम्ही होतात म्हणून बाबा परक्यासारखे गेले नाहीत.

आता आपली मुलं शिकायला बाहेर पडताहेत. कुणाचं मूल न्यूयॉर्कला किंवा न्यू जर्सीला उतरणार असेल, तर मला फक्त विमानाचा नंबर कळवा. रात्रीचे कितीही वाजलेले असोत, मी विमानतळाच्या दारात उभी असेन.

बाई, तो दोरा अजून विसरलेले नाही.