पोटावरचा वाघ

मागच्या भागात टॅटूवर बोललो. आज उलटं, एका दिवसात पुसून जाणारं चित्र.

मागच्या ओणमला मी त्रिशूरला गेलो होतो, पुलिकळी बघायला. 'पुली' म्हणजे वाघ, 'कळी' म्हणजे खेळ; आपली फुलाची कळी नाही. ओणमच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी अंगभर वाघ रंगवलेली माणसं स्वराज राउंडवर ढोलाच्या ठेक्यावर नाचतात. ढेरपोट्यांना इथे खास मान! वाघाचा जबडा बरोब्बर पोटावर येतो, आणि पोट हललं की वाघ डरकाळी फोडतोय असं वाटतं. जिमवाल्यांनो, सॉरी. २०१६ पासून बायकाही वाघ होतात.

पण मला खरी बघायची होती ती सकाळची तयारी. अंगावरचे केस आधीच काढलेले. रंगाच्या पुडीत वार्निश कालवून पहिला हात मारतात, तो वाळेपर्यंत माणूस हात पसरून उभा. ना बसायचं, ना टेकायचं. मग पट्टे, डोळे, दात. असे कित्येक तास! आणि रात्री हे सगळं रॉकेलने घासून काढायचं. कातडी भाजल्यासारखी होते म्हणे. मला ते बरोबर वाटत नाही. त्वचेला चालणारे रंग मिळतात, फक्त महाग पडतात.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारच्या काकांच्या कानामागे पिवळा डाग दिसला. मी विचारलं, "काल वाघ?" त्यांनी मोबाईल काढला, स्वतःच्या पोटाचा फोटो झूम केला आणि वाघाचा डावा डोळा दाखवला. म्हणाले, हा जरा तिरका आलाय.