ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ

मी राहतों त्या वारज्यावरून मुंबई-बंगळूरचा हमरस्ता जातो. सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगांव मागें टाकीत त्याच रस्त्यानें धारवाड गांठतां येतें. कांहीं वर्षांपूर्वीं मी तसा गेलों, तो एका दिवंगत स्नेह्याच्या पहिल्या पुण्यतिथीला.

मला कानडी येत नाहीं आणि स्नेह्याच्या चिरंजीवांना मराठी येत नव्हती. म्हणून आमचें बोलणें मोडक्या हिंदींत चालत होतें. सायंकाळीं मंडळी जमूं लागतांच त्यांनीं विचारलें, ‘‘आपका उपन्यास होगा न?’’ हिंदींत उपन्यास म्हणजे कादंबरी, एवढें मला ठाऊक. मीं हंसून सांगितलें कीं, तें काम माझ्या हातून व्हावयाचें नाहीं. त्यांचा चेहरा उतरला. ते मुकाट्यानें आंत गेले.

जेवतांना शेजारच्या मराठी जाणणाऱ्या गृहस्थांनीं हलकेच पुसलें, ‘‘आपण बोलण्यास नकार कां दिलात?’’ तेव्हां उलगडा झाला. कानडींत उपन्यास म्हणजे व्याख्यान! वडिलांविषयीं चार शब्द सांगण्याची मुलाची विनंती मीं हंसण्यावारी नेली होती.

परमुलुखांत आपण भितों, तें मुळींच न कळणाऱ्या शब्दाला. वास्तविक असा शब्द आपल्याला थांबवितो, विचारावयास लावितो. फसवितो तो ओळखीचा शब्द. आपली शिक्षा म्हणजे दंड, तर हिंदींतील शिक्षा म्हणजे विद्यादान. आपली चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदींत तोच प्रयत्न. आपला संसार घरापुरता, हिंदीचा जगाएवढा.

कानडी आणि मराठी यांचा शेजार तर फार जुना. धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, पदवी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतली. पण ते झाले कानडीचे थोर कवि, आणि ‘नाकु तंति’ या कानडी काव्यसंग्रहाला १९७३ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें. इतक्या जवळच्या घरीं जातांना ‘आपल्याला कळलेंच’ असें वाटतें. तेथेंच पाऊल चुकतें.

यावर उपाय साधा आहे. उत्तर देण्यापूर्वीं ऐकलेलें आपल्या शब्दांत परत सांगून पाहावें. मीं त्या वेळीं नुसतें ‘‘कादंबरी का?’’ असें विचारलें असतें, तरी घोटाळा उघडा पडला असता; कारण कानडींतहि कादंबरीला कादंबरीच म्हणतात! विचारण्यांत कमीपणा वाटला, तो मला महाग पडला.

जेवणें आटोपल्यावर मीं चिरंजीवांची क्षमा मागितली व मराठींत चार शब्द बोललों. त्या गृहस्थांनीं ते कानडींत सांगितले. चिरंजीवांच्या मनांतील किल्मिष गेलें. परंतु कांहीं मंडळी तोंवर परतली होती. त्यांच्या लेखीं पुण्याहून आलेला तो पाहुणा मित्राविषयीं एक शब्दहि न बोलणाराच राहिला.