काटा तपासा, गोणीत हात घालू नका



आज सकाळी या परिषदेच्या उद्घाटनात ‘सरकार शेतकऱ्याच्या पाठीशी उभे आहे’ असे सांगण्यात आले आणि मंडपाने टाळ्या वाजवल्या. माझे भांडण त्या टाळ्यांशी आहे. सरकारने आमच्या पाठीशी उभे राहू नये. आमच्या वाटेतून बाजूला व्हावे आणि जिथे त्याचे काम आहे तिथे जाऊन उभे राहावे. अध्यक्ष म्हणून मला एवढेच मांडायचे आहे, आणि व्यासपीठावरच्या पाहुण्यांना ते रुचले नाही तरी मांडणार आहे.

निफाड, चांदवड, येवल्याच्या माणसाला ८ डिसेंबर २०२३ या दिवसाची आठवण करून द्यावी लागत नाही. त्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. संसदेचे हिवाळी अधिवेशन चालू होते, पण या निर्णयाला संसदेच्या मंजुरीची गरजच नव्हती. विदेश व्यापार महासंचालनालयाची एक अधिसूचना पुरली. आणि वेळ कोणती निवडली, तर लाल कांदा निघण्याची! उन्हाळ कांदा चाळीत काही महिने तग धरतो. लाल कांद्याला ती सवलत नाही. उपटला की पात कापायची, ट्रॉली भरायची आणि मार्केट गाठायचे. रात्री ट्रॉली भरताना जो भाव डोक्यात असतो, तो सकाळच्या लिलावात नाहीसा झाला तर शेतकऱ्याने काय करावे? माल परत न्यावा, तर घरी पडून त्याला पाणी सुटते. म्हणून तो मिळेल त्या भावाला ‘हो’ म्हणतो, सौदापट्टी खिशात घालतो आणि रिकामी ट्रॉली घेऊन घरी जातो.

सरकारला माझी जमीन हवी असेल, तर भूसंपादनाचा कायदा आहे. नोटीस काढावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात, मोबदला द्यावा लागतो. पण त्याच जमिनीत पिकलेल्या मालाची किंमत काढून घेताना ना नोटीस, ना हरकत, ना मोबदला. हा अधिकार सरकारला कुणी दिला?

एका पक्षाकडे बोट दाखवून कुणी मोकळे होऊ नये. साठ्यावर मर्यादा घालू देणारा आवश्यक वस्तू कायदा १९५५ चा. आणीबाणीत, १९७६ मध्ये, चाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला, म्हणजे मूलभूत हक्कांच्या नावाने त्याच्याविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाट बुजवली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट थोडी मोकळी केली. आणीबाणीतले ते एका पक्षाचे राज्य. आता दुसऱ्याचे बघा. १५ सप्टेंबर २०२० ला लोकसभेने कांद्या-बटाट्याला या कायद्यातून बऱ्याच अंशी सोडवणारे विधेयक मंजूर केले. आदल्याच दिवशी, १४ तारखेला, कांद्याची निर्यात बंद झाली होती! ऑक्टोबरात साठ्यावरही मर्यादा आली: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन. झेंडे बदलतात, सवय तीच राहते.

‘मग शहरातल्या गरिबाने काय खायचे?’ असे मला विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. सरकारने बाजारभावाने कांदा विकत घ्यावा आणि गरिबाला स्वस्त द्यावा. पैसा तिजोरीतून जाऊ दे, म्हणजे तुमचा, माझा, सगळ्यांचा जाईल. गरिबाचे पोट भरण्याचा खर्च एकट्या कांदेवाल्याच्या माथी का?

आणि गरिबाच्या पोटाचा खर्च असा इतरांवर वाटणे महाराष्ट्राने करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका इथे अनेकांनी पाहिल्या असतील. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्च कुणी सोसला? १९७५ पासून मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो यासाठी. त्या कायद्याने बांधले कुणाला, तेही पाहा. काम मागणाऱ्या बाईच्या हातात अर्जाची तारीख घातलेली पोच. १५ दिवसांत काम नाही, तर भत्ता. मस्टर लांबले, मजुरी रखडली, हे सगळे झाले. पण त्या पोचेच्या जोरावर ती तहसील कचेरीत उभी राहून जाब विचारू शकत होती. सरकारला नागरिकाच्या दारात उभे करणारा कायदा मला हवा आहे. नागरिकाला सरकारच्या दारात ताटकळत ठेवणारा नको.

सरकारच नको, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. बाजारातल्या प्रत्येक वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का हवा आणि तो तपासायला माणूस यायला हवा. व्यापारी पैसे बुडवून परागंदा झाला, तर त्याला शोधून वसुली करणे हे सरकारचेच काम. शिवाररस्ता, वीज, फौजदार, वेळेत निकाल देणारे न्यायालय, ही कामे दुसरे कुणी करू शकत नाही. आज पैसे बुडालेला शेतकरी पोलीस ठाणे, सहायक निबंधक आणि बाजार समिती असे हेलपाटे घालतो, तेव्हा सरकार कुठे असते? जिथे हवे तिथे नाही, आणि जिथे नको तिथे रातोरात हजर.

आता तुमच्याकडे वळते. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव पडले, आपण अनुदान मागितले. क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, असे ठरले. मग सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आहे का, ई-पीक पाहणी केली का, यासाठी तलाठ्याच्या मागे रांगा लागल्या. घेणाऱ्याला मी दोष देत नाही. घरात पैसा नव्हता. पण पडलेल्या भावाची भरपाई जो देतो, तो चढलेल्या भावावर हक्क सांगणारच. एक हात पुढे करून दुसऱ्या हाताने त्याला अडवता येणार नाही. शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून लढाई सुरू केली ती घामाच्या दामासाठी. आपण पुन्हा खिरापतीच्या रांगेत येऊन उभे राहिलो आहोत.

समारोपाच्या सत्रासाठी मी ठराव लिहून आणला आहे. निर्यातबंदी, निर्यातशुल्क किंवा साठामर्यादा लावायची असेल, तर कारण आणि मुदत संसदेत मांडून मंजुरी घ्यावी, आणि उत्पादकाचे होणारे नुकसान तिजोरीतून भरून द्यावे. हे होत नसेल, तर अधिसूचना काढू नये. संयोजकांनी दिलेल्या मसुद्यात अनुदानवाढीची मागणी होती, ती मी काढून टाकली आहे. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांनी समारोपाला थांबावे, उभे राहून बोलावे. ठराव आवाजी मताने होणार नाही. हात वर करून मोजणी होईल.