धुरकरी, बैल आणि गुहा

जुन्नरच्या बाजाराला आपण पुष्कळदा गेला असाल. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडीची लेणीही पाहिली असतील. या जुन्नरच्या लेण्यांत तीन दानलेख यवनांचे आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भिक्षूंना भोजनमंडप दिला, तिसरा चंद. यवन म्हणजे मुळात आयोनियाचा ग्रीक. पुढे पश्चिमेकडच्या इतर परक्यांनाही तो शब्द चिकटला. नाणेघाट चढून आलेली ही व्यापारी माणसे असावीत.

मग ग्रीकांच्या आणि आपल्या विचारांची गाठ इथेच पडली का? तसे नव्हे. प्लेटो वारला इ.स.पू. 347च्या सुमारास, हे लेख त्यानंतर चारेकशे वर्षांनी कोरलेले. कोणी कोणाचे उचलले, हा वाद इरिलच्या टाक्यापाशी सुटायचा नाही. आधी आपणच सांगितले, असे छाती फुगवून म्हणण्याची घाईही नको.

साम्य मात्र खरे आहे. प्लेटो जिवाला रथाची उपमा देतो: विवेक हा सारथी, एक घोडा गुणी, दुसरा नाठाळ. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. आपल्याकडे म्हणायचे तर एक बैल चाकोरीने चालतो, दुसरा उसाच्या फडाकडे ओढतो आणि कासरा धुरकऱ्याच्या हाती. पण उपनिषदाच्या गाडीत मागे धनी बसलेला आहे, तो आत्मा. प्लेटोच्या गाडीत निराळा धनी नाहीच. धुरकरी आणि बैल मिळूनच जीव!

गुहेच्या बाबतीत तर दोघे पाठमोरे उभे आहेत. प्लेटोच्या गुहेत माणसे लहानपणापासून भिंतीकडे तोंड करून जखडलेली. पाठीमागे जाळ, भिंतीवरच्या सावल्यांनाच ती खरे मानतात. एकजण सुटून बाहेर येतो, सूर्य पाहतो, परत जाऊन सांगू लागतो, तर बाकीचे त्याच्या जिवावर उठतील. प्लेटोला हे कल्पनेने सुचायची गरज नव्हती. त्याचा गुरू सॉक्रेटिस याला अथेन्सने इ.स.पू. 399 मध्ये विष प्यायला लावले होते. उपनिषदाची गुहा हृदयातली. सत्य तिथेच दडलेले, म्हणून आत जायचे.

गुरुजी, मुलांना लेण्याद्रीला न्याल, तेव्हा गिरिजात्मजाच्या लेण्यात उन्हातून शिरताच त्यांना थांबवा आणि काय दिसते ते विचारा. बाहेर पडताना पुन्हा विचारा.